पट्टी घरात, लवचिकता वहीत

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या कचेरीसमोर हल्ली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो: "सर, ओई कोणतं घेऊ?" ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचा एक विषय. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आलं. तेव्हापासून बी.कॉम.च्या मुलाला विज्ञानातला एखादा विषय घेता येतो आणि बी.एस्सी.च्या मुलीला बँकिंग. कल्पना चांगलीच आहे. प्रत्यक्षात निवड होते ती वेगळ्या निकषांवर: पेपर कुठला सोपा, मैत्रिणीने काय घेतलंय, आणि तास बाराच्या आत कुठला संपतो. या शेवटच्या निकषाला हसू नये. गावाकडची एसटी साडेबाराला सुटते आणि पुढची चारला असते.

फॉर्मवर मग रकाने भरले जातात. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओई, आणि कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा यांसाठीचे व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट म्हणजे श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. सगळं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे मुलाच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतं. पण हे सात-आठ विषय त्या मुलाच्या डोक्यात एकमेकांशी बोलतात का, हे बघायचं काम कुणाचं? मेजरच्या प्राध्यापकाला मायनरमध्ये काय चाललंय याचा पत्ता नसतो. ओईच्या तासाला चार वर्गांतली मुलं एकत्र कोंबलेली असतात, त्यामुळे कोण कुठल्या शाखेचं हेही शिक्षकाला कळत नाही. आणि मुलगा घरी गेल्यावर काय काम करतो, कुठल्या दुकानात बसतो, कुणाचे हिशेब लिहितो, हे विचारायला तर वेळापत्रकात जागाच नाही.

विषय वाढवले की मुलं ते आपोआप जोडतात, अशी एक समजूत या सगळ्या रचनेच्या बुडाशी आहे. माझ्या मते तिथेच घोळ आहे. जोडणं हे शिकवावं लागतं. त्यासाठी तास काढून ठेवावे लागतात, त्याची परीक्षा घ्यावी लागते. आणि मुलाच्या घरातलं, कामातलं जे ज्ञान असतं ते या परीक्षेत चालणारं चलन धरावं लागतं.

एक उदाहरण नीट उलगडून बघू.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीतली एक हिशेबपट्टी, म्हणजे विकलेल्या मालाची रक्कम आणि तिच्यातल्या कपाती दाखवणारी पावती, वर्तमानपत्रांत छापून आली होती. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सत्तरेक किलोमीटरवरून ५१२ किलो कांदा आणला होता. भाव मिळाला किलोला एक रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई वगैरे मिळून ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले. उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. व्यापाऱ्याने दोन रुपयांचा चेक दिला, तोही पुढच्या तारखेचा. राज्यभर हळहळ झाली, आमदार विधानभवनात कांद्याच्या माळा घालून आले, चेकचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. तो फोटो आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने पाहिला असणार. अनेकांच्या घरी तर कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत अशा पट्ट्यांची चळतच असते.

त्याच मुलांच्या अर्थशास्त्राच्या वहीत "मागणीची लवचिकता" नावाचा धडा असतो: भाव बदलला की मागणी किती बदलते. व्याख्या पाठ, सूत्र पाठ, पाच प्रकारांच्या आकृत्या पट्टीने आखलेल्या. उदाहरण काय? मीठ आणि मोटारगाडी. वर्षानुवर्षं मीठ आणि मोटारगाडी. ज्या मुलाचा बाप काल मार्केटवरून डोकं धरून आला, तो परीक्षेत लिहितो की मिठाची मागणी ताठर असते, कारण ती जीवनावश्यक वस्तू आहे.

आता ती सोलापूरची पट्टी टेबलावर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: हा माणूस एक रुपया भावाने विकायला तयार का झाला?

अर्थशास्त्राचं उत्तर चटकन येतं. आवक फार झाली, कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट कांदा खात नाही, म्हणून भाव कोसळला. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. आता अकाउंट्सच्या नजरेने बघा. हमाली, तोलाई, भाडं हे वजनावर किंवा गोणीवर ठरतं, भावावर नाही. याच मालाला किलोला वीस रुपये मिळाले असते तर एकूण रक्कम झाली असती १०,२४० रुपये, आणि तीच ५०९ रुपयांची कपात पाच टक्क्यांच्या आत बसली असती. एक रुपया भावाला तीच कपात साडेनव्याण्णव टक्के होते. भाव विसाव्या हिश्शावर आला, तर शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम जवळजवळ चार हजाराव्या हिश्शावर आली. भावाबरोबर न घटणारा खर्च म्हणजे काय हे या गणितानंतर मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि लवचिकतेच्या धड्यातली "भावातली घट" आणि शेतकऱ्याच्या घरातली घट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला आकड्यात दिसतं.

पण मग तो थांबला का नाही? माल घरी ठेवायचा, महिन्याने विकायचा. इथे अर्थशास्त्र आणि अकाउंट्स दोन्ही गप्प होतात आणि वर्गातल्या मागच्या बाकावरून उत्तर येतं: "सर, तो रांगडा कांदा असणार, तो टिकत नाही." उन्हाळ कांदा कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणीत, चार-पाच महिने राहतो. खरिपाचा लाल आणि त्याच्या मागून येणारा रांगडा यांत पाणी जास्त, पत्ती पातळ. ठेवला की कोंब फुटतात नाहीतर सडतो. फेब्रुवारीत बाजारात येतो तो मुख्यतः हाच. म्हणजे "विक्रेता भाव वाढेपर्यंत पुरवठा रोखून धरू शकतो" हे पुस्तकातलं वाक्य कांद्याच्या जातीवर अवलंबून आहे. वनस्पतिशास्त्राच्या बाईंना हे माहीत असतं, मागच्या बाकावरच्या मुलालाही माहीत असतं. अर्थशास्त्राच्या सरांना बहुधा नसतं, मी त्यांच्यातलाच असल्याने खात्रीने सांगतो.

पुढे धागे निघतच जातात. २०१६ मध्ये राज्याने फळ-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम केला. मग या पट्टीवर अजून कोणकोणत्या कपाती कायद्याने चालतात? पैसे किती दिवसांत द्यायचे, पुढच्या तारखेचा चेक चालतो का? बाजार समिती रोज किमान, कमाल आणि "सर्वसाधारण" दर जाहीर करते. त्या सर्वसाधारणमागे सरासरी आहे की बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला दर? सरकारने नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलच्या मर्यादेत, आणि त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद मागितली. ती नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवरून व्हायची. ज्यांनी ॲपमध्ये पीक भरलंच नव्हतं त्यांचं काय? आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाव वाढू लागताच केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती उघडली मे २०२४ मध्ये. राज्यशास्त्राच्या तासाला "हितसंबंधी गट" शिकवताना याहून ताजं काही शोधायची गरज आहे का?

जोडणी कशाला म्हणायचं, याची माझी कसोटी एवढीच आहे: दुसऱ्या विषयाने पहिल्या विषयाचं उत्तर बदलायला हवं. तसं होत नसेल तर ती नुसती सजावट. "पाणी सप्ताह" साजरा करायचा, मराठीवाल्यांनी पावसाच्या कविता म्हणायच्या, रसायनवाल्यांनी पाण्याच्या रेणूचं पोस्टर लावायचं, भूगोलवाल्यांनी नद्यांचा नकाशा, आणि प्राचार्यांच्या हस्ते जलपूजन. फोटो छान येतात, अहवालात एक पान भरतं, कुणाच्याही मनातलं कुठलंही उत्तर तसूभर हलत नाही.

"हुशार मुलं स्वतःच जोडतात, त्यात शिकवायचं काय?" असं स्टाफरूममध्ये हमखास ऐकायला मिळतं. याला उत्तर म्हणून मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग सांगतो. १९८० मध्ये गिक आणि होलिओक या दोघांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना एक कोडं घातलं. पोटात गाठ आहे. किरणांनी ती जाळता येते, पण तेवढे तीव्र किरण वाटेतली चांगली पेशीही जाळतात. काय कराल? उत्तर असं की सौम्य किरण अनेक बाजूंनी एकाच जागी सोडायचे. आपणहून हे सुचणारे फार थोडे, दहातला एखादा. कोडं घालायच्या आधी काही जणांना एक गोष्ट वाचायला दिली होती: एका सेनापतीला किल्ला घ्यायचा आहे, रस्त्यांत सुरुंग पेरलेले आहेत, मोठी फौज एका रस्त्याने गेली तर ते फुटतील, म्हणून तो लहान लहान तुकड्या चहूबाजूंनी पाठवतो. युक्ती तीच. तरीही ही गोष्ट नुकती वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ती कोड्यासाठी वापरायचं सुचलं नाही. पण "आत्ता वाचलेल्या गोष्टीचा काही उपयोग होतो का बघा" एवढं एक वाक्य सांगितल्याबरोबर बहुतेकांना उत्तर आलं.

ही विद्यापीठात शिकणारी मुलं होती. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात होत्या, थोड्याशाच अंतराने शिरलेल्या, आणि तरी त्या भेटल्या नाहीत. आपण तर अपेक्षा करतो की पहिल्या सत्रात शिकलेलं संख्याशास्त्र पाचव्या सत्रातल्या समाजशास्त्राला आपणहून जाऊन भेटावं.

कामाच्या ज्ञानाचंही तसंच. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ मध्ये रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांची ९८ टक्के गणितं बरोबर येत. तेच आकडे कागदावर शाळेच्या पद्धतीने मांडून दिले की ३७ टक्के. आपल्याकडे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला मोठा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. बाजारातली मुलं तोंडी मोठमोठे व्यवहार सहज करत, वहीतल्या भागाकाराला अडत. शाळेतल्या मुलांचं उलट: वहीतलं जमे, बाजारातला व्यवहार जमेना. माझ्या मते या अभ्यासातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. "गरिबाच्या मुलाला शाळेतलं येत नाही" हे आपल्याला ऐकायची सवय आहे. शाळेतल्या मुलाला शाळेबाहेरचं येत नाही, हे मात्र कुठल्याच गुणपत्रिकेवर उमटत नाही, म्हणून ते अपयश वाटत नाही.

आपल्याकडे असे पूल बांधायचे प्रयत्न झालेच नाहीत असं कुणी म्हणू नये. झाले, आणि बऱ्याचदा आपणच ते फायलीत घालून बंद केले. पर्यावरणाचा विषय घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्देश दिले आणि यथावकाश तो सगळ्या पदवी अभ्यासक्रमांना सक्तीचा झाला. सोबत प्रकल्प आला. हेतू असा की मुलाने आपल्या गावातला ओढा, कचरा, विहीर बघावी. झालं काय, ते कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारा. "घनकचरा व्यवस्थापन" बांधलेलं तयार मिळतं, "ध्वनिप्रदूषण" पण आहे, वर फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा. मुखपृष्ठाला रंगीत प्रिंट हवी असेल तर वेगळे पैसे. मी तपासलेल्या एका फायलीत आमच्या दुष्काळी तालुक्यातल्या मुलाने खारफुटीच्या संवर्धनाबद्दल "आमच्या परिसरात" असं लिहिलं होतं. त्याला गुण मिळाले. फाईल वेळेत आली होती. आता एआयमुळे त्या दुकानदाराचाही धंदा बसत चाललाय, फाईल मोबाईलवरच तयार होते आणि भाषा आधीपेक्षा शुद्ध असते.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. वर्षाला १२० तासांचं काम, सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरातून मुलं बदलून येतात हे मी पाहिलंय, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या गावात मुक्काम केला त्यांच्यासाठी तर ते फार मोठं असतं. सिमेंटच्या गोण्यांत वाळू भरून वनराई बंधारा घालतात, घामाघूम होतात, संध्याकाळी बौद्धिक असतं, रात्री पथनाट्याची तालीम. पण बंधारा इथेच का घातला, दोनशे फूट वर का नाही, हा प्रश्न भूगोलाच्या सरांना कुणी विचारत नाही, कारण ते शिबिराला नसतात. पुढच्या उन्हाळ्यात त्या बंधाऱ्याजवळच्या विहिरीची पातळी कुणी मोजत नाही, कारण तोवर शिबिर दुसऱ्या गावाला गेलेलं असतं. अनुभव झाला, अभ्यास राहून गेला.

"कमवा आणि शिका"चा वारसा तर आपलाच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. अंगमेहनत करून शिकणं ही त्यांच्या लेखी लाजेची नाही, ऐटीची गोष्ट होती. आज ही योजना बहुतेक ठिकाणी तासाच्या मजुरीवर येऊन थांबली आहे. वनस्पतिशास्त्र घेतलेली मुलगी सकाळी कॉलेजच्या बागेला पाणी घालते आणि दुपारी वर्गात बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ कशी जाते ते, शिकते, पण कुठलं झाड जास्त पाणी मागतं याची तिची सकाळची नोंद दुपारच्या जर्नलमध्ये येत नाही. जर्नलमध्ये येतो तो मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेला प्रयोग.

नव्या धोरणातही हाच खेळ वेगळ्या नावांनी चालू होण्याची चिन्हं दिसताहेत. ऑन जॉब ट्रेनिंग आलं, फील्ड प्रोजेक्ट आला, कम्युनिटी एंगेजमेंट आलं. एका क्रेडिटला प्रात्यक्षिकाचे ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या फील्ड प्रोजेक्टला ६० तास. ही लहान गोष्ट नाही. पण शहरातला जो मुलगा रात्री अकरापर्यंत खाण्याची पार्सलं पोचवतो त्याला हे काम ट्रेनिंग म्हणून दाखवता येत नाही, कारण लेटरहेडवर सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट हवं आणि त्याचा साहेब म्हणजे एक ॲप. मग तो ओळखीच्या सीएच्या ऑफिसातून सर्टिफिकेट आणतो, जिथे तो फार तर चार वेळा गेलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्याजवळ काय नाही? किती ऑर्डरींनंतर इन्सेंटिव्ह सुरू होतो, पाऊस पडला की दर कसा बदलतो, पेट्रोल वजा जाता तासाला काय पडतं, कुठल्या सोसायटीत मागच्या लिफ्टने जावं लागतं. खर्चलेखा, कामगार कायदा आणि समाजशास्त्र यांचा हा जिवंत ऐवज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची, म्हणजे नोकरीशिवाय कामागणिक पैसे मिळवणाऱ्यांची, व्याख्या आली. ती व्याख्या वर्गात शिकवली जाते तेव्हा तो मागे डुलक्या काढत असतो, रात्रीच्या जागरणामुळे.

आता एक आक्षेप, जो मला सगळ्यात वजनदार वाटतो. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायचे. तेव्हापासून विचारला जाणारा प्रश्न अजून जुना झालेला नाही: ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम केलं, त्यांच्या मुलांना शाळेतही पुन्हा तेच काम द्यायचं का? आमच्या वर्गातला मुलगाही वेगळ्या शब्दांत हेच म्हणतो. "सर, शेतातून सुटायला तर कॉलेजला आलो." त्याला कांद्याची पट्टी नको आहे, त्याला एमपीएससीची पुस्तकं हवी आहेत. आणि जातीच्या समाजात भर वर्गात "तुझे वडील काय करतात?" विचारणं हा साधा प्रश्न नसतो. एकाला सांगताना काही वाटत नाही, दुसरा मान खाली घालतो, तिसरा खोटं सांगतो. शिक्षकाला वाटतं, आपण जीवनानुभवाला स्थान दिलं.

हा आक्षेप मी मानतो, म्हणूनच "प्रत्येकाने आपला अनुभव लिहून आणा" या छापाच्या उपक्रमांवर माझा विश्वास नाही. कुणाच्याही घरात डोकावायची शिक्षकाला गरज नाही. टेबलावर ठेवायची वस्तू सार्वजनिक असावी: छापून आलेली पट्टी, विजेचं बिल, रेशनचं दुकान, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प. विजेच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे रकाने असतात, आणि १०० युनिटांच्या पुढे दर उडी मारतो. भौतिकशास्त्रापासून राज्यशास्त्रापर्यंत त्यात सगळ्यांना काम आहे. अशा वस्तूबद्दल ज्याला आतलं माहीत आहे तो आपणहून बोलेल, आणि तेवढा वेळ तो त्या वर्गातला जाणकार असेल. ज्याला गप्प बसायचंय त्याला ती मुभा राहील.

आणि पट्टी वर्गात आणायची ती मुलाला पुन्हा शेतात धाडायला नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात मोडी-बाळबोध वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरण यांच्या जोडीला शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान मागितलं होतं. त्यांनी व्यवहार आणि विद्या अशी वाटणी केली नाही, शेतकऱ्याच्या मुलासाठी एक आणि भटाच्या मुलासाठी दुसरं असंही केलं नाही. सरकार वरच्यांच्या शिक्षणावर पैसा ओततं आणि कर भरणाऱ्या रयतेच्या मुलांना काही मिळत नाही, ही त्यांची तक्रार त्याच निवेदनात आहे. एमपीएससी देणाऱ्या मुलाने उद्या सहकार खात्यातला उपनिबंधक म्हणून बाजार समितीची तपासणी करायची आहे. पट्टीतली कपात त्याला तेव्हा तरी वाचता यायला हवी ना?

"आधी एक विषय नीट येऊ दे, मग जोडा" हा दुसरा आक्षेप. यात तथ्य आहे, पण आपल्याकडे "मग" कधी येतच नाही. शिवाय वर पाहिलं तसं, लवचिकता नीट कळायलाच कपातीचा हिशेब आणि कांद्याची जात लागली.

मग करायचं काय? नवा पेपर काढू नये, एवढं आधी. "एकात्मिक अध्ययन" नावाचा दोन क्रेडिटचा विषय उद्या निघाला तर परवा त्याचं गाईड निघेल, प्रश्नसंच निघेल, आणि "एकात्मिक अध्ययनाची पाच वैशिष्ट्ये लिहा" असा प्रश्न येईल. जे तास आधीच दिलेले आहेत तेच वेगळे वापरावेत. फील्ड प्रोजेक्टचे ६० तास कुठल्याही दोन विषयांच्या शिक्षकांनी मिळून एका वस्तूवर, एका प्रश्नावर लावावेत. अंतर्गत गुणांतला एक प्रश्न दोन्ही विषयांत सामाईक असावा. फाईल हवीच असेल तर घ्या, पण गुण तोंडी परीक्षेला द्या, आणि ती दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने घ्यावी. अकाउंट्सच्या मुलाला वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी दहा मिनिटं प्रश्न विचारले की उतरवलेलं आणि उमजलेलं लगेच वेगळं होतं. आणि गिक-होलिओकच्या प्रयोगातलं ते एक वाक्य, "मागे शिकलेल्याचा इथे उपयोग होतो का बघा", प्रत्येक प्रश्नपत्रिकेत एकदा तरी छापलेलं असावं.

पाबळचा विज्ञान आश्रम १९८३ पासून शालेय वयाच्या मुलांबरोबर हे करतो आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून पीएच.डी. करून, मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात आले. तिथे मुलं वेल्डिंग, शेती, वीजजोडणी, अन्नप्रक्रिया अशी गावाला उपयोगी पडणारी कामं करत त्यातलं विज्ञान शिकतात. आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी गावच्या पाणीयोजनांवर काम करून पदवी घेतात. म्हणजे अगदी खालच्या आणि अगदी वरच्या टोकाला हे जमतं. मधल्या हजारो कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांत जमत नाही. तिथे इच्छा नाही असं मला वाटत नाही. अडसर आहे तो रचनेचा.

विद्यापीठांत प्रत्येक विषयाचं अभ्यासक्रम ठरवणारं अभ्यासमंडळ वेगळं बसतं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा केल्या, त्यांतली चौथी "आंतरविद्याशाखीय अभ्यास". नाव वाचून वाटेल, चला, इथे तरी विषय एकत्र येत असतील. तिच्यात शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, शारीरिक शिक्षण, गृहविज्ञान असे इतर तिघींत न बसणारे विषय ठेवले आहेत. दोन अभ्यासमंडळांनी वर्षातून एकदा एकत्र बसून एक सामाईक प्रश्न ठरवावा, एवढं तरी विद्या परिषदेला ठरवता येईल.

खरी अडचण मात्र त्याच्याही खालची आहे. आज कितीतरी कॉलेजांत वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या शिक्षकांच्या जिवावर. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाबरोबर बसून प्रश्न ठरवायला लागलेला तास, मुलांना घेऊन मार्केट यार्डात घालवलेली सकाळ, साठ मुलांच्या तोंडी परीक्षेला लागणारे दोन दिवस, यांतलं काहीच त्यांच्या बिलात बसत नाही. एका कॉलेजातले तास संपवून दुसऱ्या कॉलेजातला तास गाठायला धावणाऱ्या माणसाला "आंतरविद्याशाखीय दृष्टी ठेवा" असं परिपत्रक पाठवून काय साधणार? फील्ड प्रोजेक्टच्या ६० तासांपैकी शिक्षकाचे किती तास वेतनास पात्र, हा आकडा शासन निर्णयात स्पष्ट लिहून आला पाहिजे. तो येईपर्यंत फायली येत राहतील, वेळेवर आणि रंगीत मुखपृष्ठासह.